पुस्तकातल्या बाईले विहिरीत काऊन ढकललं?

माय, तुला कागद लिहायला बसले आहे म्हटल्यावर तू आधी हसशील. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला लिहिता येतं हे तुला कधी पटलं नाही. दुसरीतून काढून मला कापूस वेचायला तूच पाठवलंस. पण सध्या पोटात इतकं बोलणं साचलं आहे आणि या घरात ऐकणारं कोणी नाही. सुनेला सांगायला गेलं तर म्हणते, "आत्याबाई, थांबा, दूध उतू जाऊन राह्यलं." म्हणून तुला सांगते. तुझी लेक कादंबऱ्या वाचते, माय! पोथी नाही, पंचांग नाही, कादंबऱ्या. त्याही नव्या निघालेल्या, ज्यांच्या पानांना अजून छापखान्याचा वास येतो.

तुझे जावई गेल्यावर दुपारी करमेना. माझी नात, म्हणजे मुलाची थोरली मुलगी, वर्ध्याला नोकरीला लागली आणि नालवाडीत खोली करून राहू लागली. शनिवारी एसटीने हिंगणीला येते आणि वाचनालयातलं एखादं पुस्तक माझ्या मांडीवर टाकते. आधी मी ओळीखाली बोट ठेवून वाचायची, आता डोळेच धावतात. डाळ निवडता निवडता वाचते, तर सून म्हणते वरणात खडे येतात. येऊ दे. दात आहेत कोणाला.

पहिलं पुस्तक आणलं त्यातला माणूस अर्धं पुस्तक खाटेवर पडून छताकडे पाहतो. मी नातीला म्हटलं, "याले काई कामधंदा नाई का व?" ती म्हणाली, "आजी, त्याले जगण्याचंच दुःख हाये." मी म्हटलं, "असंल. पन त्याले जेवाले कोन वाढते, ते कुठी लिहिलंच नाई." ती खूप हसली. पण खोटं कशाला बोलू, पुढे एका पानावर तो मेलेल्या बापाची चप्पल पायात घालून पाहतो आणि ती त्याला बरोबर बसते. तिथे माझा डाळीतला हात थांबला. मग तेच पान पुन्हा वाचलं. असं लिहिणाऱ्याला बाकीचं पडून राहणं माफ.

दुसरं पुस्तक नाटक कंपनीतल्या दोन पुरुषांचं. एक पेटी वाजवतो, दुसरा बाईचं सोंग घेतो. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, हे मला चौथ्या पानाला कळलं, पण लेखकाला शेवटपर्यंत तोंडाने म्हणवत नाही. दोघे बोलायला आले की दिवा विझतो. पुन्हा आले की पाऊस येतो. मी चिडून म्हटलं, "अरे सांग ना बाप्पा, मी काई तुह्या घरी सांगाले येत नाई!" सुनेला वाटलं मी भिंतीशी बोलते. शेवटी एकाचं लग्न लागतं आणि दुसरा पेटी पाठीवर टाकून निघून जातो. लग्नात पेटी कोणी वाजवली असेल, हा विचार मला पुष्कळ दिवस पुरला.

आणि मग ते तिसरं. माय, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि मी काही काटा येणारी बाई नाही. दोन मास्तरणी एका क्वार्टरमध्ये राहतात. एक दुसरीच्या डोक्याला तेल लावते आणि नंतर वर्गात खडू धरताना बोटांना तो वास येत राहतो, असं लिहिलं आहे. आणि तिथे दिवा विझत नाही. लेखक सरळ लिहितो, यांचं एकमेकींवर प्रेम होतं. बाईचं बाईवर. मी पदर पुढे ओढला, ओसरीवर कोणी नाही ना पाहिलं, आणि पान उलटलं. कारण मला त्या क्वार्टरमधल्या चुलीपुढे तू दिसलीस. तू आणि तुझी भुजली.

आमच्या या भागात ती रीत नव्हतीच. तू भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलीस तेव्हा सोबत आणलीस. श्रावणात टोपलीत माती घालून गहू पेरायचे, अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळे वाढू द्यायचे, राखीच्या दुसऱ्या दिवशी नदीवर धुऊन त्याचे कोंब जिच्यावर जीव आहे तिच्या कानामागे खोचायचे. तिने आपल्या खोचायचे. झालं, दोघी जन्माच्या भुजली. शेजारच्या कोष्ट्याच्या सुनेच्या कानामागे तू कोंब खोचलेस, आणि तिचा नवरा आणि माझा बाप दोघेही गेल्यावर ती आपलं बोचकं घेऊन आपल्या घरी राहायला आली. मी लहान आहे. चुलीपुढे ती भाकर थापते, तू शेकतेस. तुम्ही बोलत नाही, तरी तिचा हात पुढे येतो तेव्हा तुझा तवा रिकामा असतो. मी दारातून शेजारणींसारखी तिला नावाने हाक मारते. तू उठतेस आणि पिठाच्या हाताने माझ्या गालावर देतेस. "तिचं नाव या घरात घ्याचं नाई. मी बी घेत नाई." मी रडत विचारते, "काऊन?" "माही भुजली होय थे." घरात दोनच माणसांची नावं तू कधी घेतली नाहीस, माझ्या बापाचं आणि तिचं. हे मला तेव्हा दिसलं नाही. एका छापील पुस्तकाने दाखवलं. तुमच्यात काय होतं आणि काय नव्हतं ते मी विचारत नाही. माजघराचं दार तुमचं होतं.

तर मी अशी आनंदाने वाचत चालले होते आणि शेवटी त्या लेखकाने काय करावं? गावात कुजबुज होते, एकीचं लग्न ठरवतात, आणि दुसरी विहिरीत उडी घेते. संपलं पुस्तक. मी ते ओसरीवर आपटलं. शनिवारी नात आली तशी मी दारातच धरली. "कोन लिहिते हे? त्या बाईले विहिरीत काऊन ढकललं? चांगली शिकवून राह्यली होती!" मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "आजी, अशा गोष्टी अशाच संपतात."

तो आवाज ऐकून मी पुस्तकावरचा राग विसरले. कारण मला सगळं माहीत होतं, फक्त एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. रोहण्याचं स्थळ आलं होतं, संत्र्याचा बगिचा, मुलगा एकुलता, आणि माझ्या मुलाने पोरीला न विचारता पाहुण्यांना दिवस देऊन टाकला होता. आणि नालवाडीच्या खोलीत नातीसोबत एक नर्स मुलगी राहते. सावळी, कमी बोलणारी, एकदोनदा आपल्या घरी येऊन गेली. नातीला ताप आला तेव्हा दवाखान्यातून सुटी घेऊन उशाशी बसून होती. नात तिच्याविषयी बोलताना नुसतं "ती" म्हणते, आणि कोणती ती, हे आपल्याला कळतं. आणि या पोरीला वाटतं की पुढे विहीर आहे!

मी तिला जवळ बसवलं आणि तुमची गोष्ट सांगितली. म्हटलं, "लेखकाले काय मालूम. माह्या मायची गोष्ट तशी नाई संपली." तुम्ही मिरच्यांवरून भांडायच्या ते सांगितलं. तुला दिसेनासं झालं आणि तिला ऐकू येईना, तरी ती हात धरून तुला वावरात न्यायची आणि तू तिला ओरडून गावच्या बातम्या सांगायची, ते सांगितलं. आणि शेवटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून, पेजेत मीठ जास्त झालं अशी तिच्यावर कुरकुर करत तू गेलीस, ते सांगितलं. नात ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "लोक काई म्हनत नव्हते?" मी म्हटलं, "म्हनत होते ना. भुजली म्हनत होते."

दुसऱ्या दिवशी मी टोपलीत गहू पेरले. मुलाने पाहिलं. "आई, श्रावनात गहू?" मी म्हटलं, "तुही पोरगी त्या नर्सबाईले भुजली करून राह्यली." त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तुझ्या भुजलीच्या कडेवरच तो वाढला. तो टोपलीतली माती बोटाने चाचपत राहिला. मग म्हणाला, "ते आपल्यातली नाई." "तुले कडेवर घेनारी होती का आपल्यातली?" "आन रोहण्याचे पाव्हने?" "त्याइले चहा पाजजो. आन सांगजो, पोरगी आपल्या भुजलीसंग राह्यते, पुढंबी तिच्यासंगच राहीन. जमत असंल तं बसा." तो पाय आपटत गोठ्यात गेला. आपटू दे. पायांना व्यायाम.

ती नर्स मुलगी खरी अडली. बौद्धाघरची, आईवडील पक्के. मला म्हणाली, "आजी, आमच्या घरी हे देवाधर्माचं करत नाई." मी म्हटलं, "यात देव कुठी हाये पोरी? गहू हाये. गहू तं खातेस ना?" तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यापुढे मोकळी हसली. राखीच्या दुसऱ्या दिवशी मी दोघींना बोर नदीवर नेलं. कोंब कसे खोचायचे ते माझ्या नातीला येईना, सारखे घसरायचे. मी उगीच पाण्याकडे पाहत ओरडत राहिले, "घट्ट खोच ना व, काय नाजूकपना करते!"

रोहण्याचे पाहुणे आले, चहा प्याले, मुलाने सांगितलं ते त्यांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, कळवतो म्हणाले. कळवलं नाही. सून दोन्हीकडून रडली, हातचं स्थळ गेलं म्हणून आणि पोरगी सुटली म्हणून. मुलगा माझ्याशी अजून धड बोलत नाही. पण परवा तो दोघींना स्टँडवर सोडायला गेला होता. तिथे आपल्या गावच्या एकाने डोळे बारीक करून विचारलं, "हे दुसरी कोन हो?" मुलगा म्हणाला, "पोरीची भुजली." नातीनेच येऊन सांगितलं. आता मला नव्या पुस्तकाची ओढ लागली आहे. मी तिला बजावलं आहे, पुढच्या वेळी असं आण ज्यात दोघी म्हाताऱ्या होतात. ती म्हणते, तसं अजून कोणी लिहिलंच नाही. मग लिहा म्हणावं, बसलेत काय!

हा कागद कुठे पाठवू, माय. तुझ्याकडे पोस्टमन जात नाही, आणि गेला तरी तुला वाचून कोण दाखवणार, तुझ्या भुजलीलाही अक्षर येत नव्हतं. पण एक गोष्ट नातीला सांगितली नाही, ती इथे लिहून टाकते. त्या पुस्तकात एक मास्तरीण बाजाराला जाते, तिला उशीर होतो, आणि दुसरी दिवा घेऊन दारात उभी राहते. ती येईपर्यंत उभीच. तुझे जावई चांगले होते. त्यांनी कधी हात उगारला नाही, मी कधी भाकर कमी पडू दिली नाही. पण त्यांना उशीर झाला की मी ताट झाकून निवांत झोपायची. दारात उभं राहावंसं मला कोणासाठी वाटलं नाही. ते पान वाचलं आणि मला तुझा हेवा वाटला. या वयात, सख्ख्या आईचा.