खेळाचा मोजा आणि माही दोन बोटं

१२ जानेवारी
डाव्या हातानं लिहून राह्यली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. फिजिओ सर म्हणाले रोज दोन ओळी लिहा, म्हणून यांच्या दुकानातून वही आणली. यांचं झेरॉक्सचं दुकान, वह्यांले कमी नाही.

ऑक्टोबरात दारव्ह्याच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप उलटली. माहं उजवं मनगट काचेतून गेलं. बाकीच्यांले नुसतं खरचटलं. यवतमाळले ऑपरेशन झालं. अंगठा, त्याच्या बाजूचं बोट अन् मधलं बोट, तिन्ही बधिर. थोडी वाकतात, पण लागत काहीच नाही. डॉक्टर म्हणे नस महिन्याले इंचभर वाढते, वाट पाहा. वाढली तर.

रडू येत नाही. राग बी नाही. जेवते, झोपते, उठते.

१५ जानेवारी
यवतमाळ, फिजिओ. सरांनी आज काळा हातमोजा काढला. व्हिडिओ गेमचा आहे, त्यांचा सोताचा, कॉलेजात खेळत. बोटांमधी पट्ट्या शिवल्या आहेत. आपलं बोट वाकलं की टीव्हीवरच्या माणसाचं बोट वाकते. 'सिस्टर, तुम्ही रबरी बॉल दाबून कंटाळल्या. हे करून बघा.'

सोळा वर्षं डिलिव्हरी रूममधी ग्लोव्ह चढवूनच काम केलं. हा अजून एक. इतकंच वाटलं.

धनुष्यबाणाचा खेळ. अंगठा अन् बोटांच्या चिमटीत दोरी धरायची, मागं ओढायची. पूर्ण ताणली की मोज्याच्या शेंड्याले झिणझिण होते, तेव्हाच सोडायची. आधी सोडली का बाण पायापाशी.

'झिणझिण आली?' सरांनी विचारलं.
'हो.'

नव्हती आली. मोबाईल व्हायब्रेटवर ठेवला का घुर्र करते ना, तसा आवाज आलता. तो कानानं ऐकला. सर इतक्या आशेनं पाहून राह्यले होते का तोंडातून हो निघून गेलं. मंग पुढं नाही कसं म्हणू.

१९ जानेवारी
सरांनी मोजा घरी न्यायले देला. यांनी टीव्हीले जोडून देला. १०० पैकी ३१. हे म्हणे, 'पहिल्यापेक्षा बरं आहे.' मले धनुष्य पाहून हसू बी आलं नाही. चाळीस वर्षांची बाई, सोफ्यावर बसून हवेत दोरी ओढून राह्यली.

उजवा हात सुजला. बर्फ लावला. बर्फ थंडा आहे हे करंगळीनं सांगतलं.

३० जानेवारी
हॉस्पिटलात रजेचा अर्ज द्यायले गेलती. कुंदा भेटली. कुंदा अन् मी बारा वर्षं एकाच डिलिव्हरी रूममधी. ती मोठी सिस्टर, पण आम्ही नावानंच बोलतो. सध्या एकटीच ओढून राह्यली, डोळे खोल गेले तिचे. 'ये लवकर मायबाई. नवीन पोरी दोन बोटांले चार म्हणतात.'

आमचं मोजमाप बोटांचं. बाळाची वाट किती उघडली ते पाहायले डोळे चालत नाहीत. पहिलं अन् मधलं बोट आत, अन् बोटांनी सांगायचं, दोन, तीन, चार, पाच म्हणजे पूर्ण. ग्लोव्हमधून बी कळते. मले तर हात घालताच कळे. त्याचाच गर्व होता मले, खोटं कायले बोलू.

कुंदा चहा सांगायले गेली. टेबलाच्या खणात शिकवायची पाटी असते, प्लास्टिकची, लहानमोठी गोल भोकं. डोळे मिटले अन् बोटं फिरवली. पाटी कुठी संपते ते बी कळलं नाही. डाव्या हातानं केलं तर लहान-मोठं समजलं, किती ते नाही.

चहा आला. पाटी खणात ठेवली. 

६ फेब्रुवारी
तांड्यावर गेलती, माहेरी. याडी, माही माय, काचळीवर म्हणजे आमच्या चोळीवर कसिदा करत बसली होती. डोळ्याले दिसत नाही तरी टाका सरळ. मी म्हटलं दे, हाताले व्यायाम होईन. सुई धरता आली, बरी धरता आली. आठ-दहा टाके घातले. मंग कापड उचललं तर बोट बी संगंच आलं. बोटाच्या शेंड्याची कातडी अन् कापड मी एकत्र शिवलं होतं. रक्त लाल धाग्यात दिसलं नाही.

'काई वेगो?' याडीनं विचारलं. काही नाही म्हटलं. दातानं धागा तोडला.

भावजय मंदा आठव्या महिन्यात, पहिली खेप. पाय सुजले तिचे. याडी तिच्यासमोर म्हणे, 'हिची चिंता नाही मले. घरची नर्स आहे.' मंदा हसली. 'ताई असली का मले भेव नाही.' मी तिचा बीपी पाह्यला. बरा होता.

१४ फेब्रुवारी
८८. आज पहिल्यांदा उजव्या हातानं लिहिलं. या तीन ओळी. पेन धरला आहे हे पाहून कळते, न पाहता सुटून जाते.

यांनी दुकानात सगळ्यांले सांगतलं, बायकोचा निशाणा पक्का झाला. शेजारीण पेढे मागून गेली. यांना इतकं खूश ऑक्टोबरपासून पाह्यलं नव्हतं. मी बी हसली. चेहऱ्याले सवय आहे.

कशी जमते ते मले माहीत आहे. टीव्हीवर दोरी पिवळी होते, घुर्र होते, मी सोडते. डोळा अन् कान. बोटं नुसती हुकूम पाळतात.

२० फेब्रुवारी
यवतमाळ. सरांसमोर ९४.  मोजा काढता काढता सरांनी विचारलं, 'झिणझिण व्यवस्थित येतेय ना?'
'येते.'
'तिन्ही बोटांना?'
'तिन्ही.'

सरांनी मोजा उलटा केला अन् आतलं बटण दाखवलं. 'आज मी व्हायब्रेशन बंद ठेवलं होतं, सिस्टर. नुसता स्पीकरचा आवाज चालू होता.'

मी पंख्याकडं पाहत बसली. पंखा बंद होता.

'पहिल्या दिवसापासून?' त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणे, चूक माझी, टाचणी घेऊन डोळे मिटायला लावायला हवं होतं, तुम्ही स्वतः सिस्टर म्हणून मी विचारण्यावर भागवलं. मंग म्हणे, 'रिपोर्टमध्ये मी हालचालीचंच लिहितो, ते खरं आहे. स्पर्शाचं तपासलं नाही असं लिहितो. मेडिकल बोर्डापुढे तुम्ही सांगा. सांगाल ना?'

हो म्हटलं. आता माह्या हो ले काय किंमत आहे, त्यांनी बी मनात म्हटलंच असन.

जीपमधी खिडकीची सीट भेटली. नको म्हटलं, मधात बसली.

२७ फेब्रुवारी
मेडिकल बोर्ड. दोन तास बाकावर, आत चार मिनिटं. मूठ वळा. उघडा. अंगठा करंगळीले लावा. पेन उचला. सगळं केलं. एका डॉक्टरनं रिपोर्ट वाचला, ९४ वर बोट ठेवलं अन् म्हणे, 'वा, व्हिडिओ गेम. आमच्या पोरांना सांगायला पाहिजे.' सगळे हसले.

'काही त्रास?'

हे सांगायचं होतं. तोंडाशी आलतं. मंग डोळ्यासमोर औषधवाटपाची खिडकी आली. स्पर्श नाही म्हटलं का तिथंच बसवतात, गोळ्या मोजा, सही घ्या, निवृत्तीपर्यंत. सोळा वर्षं पोरं जन्माले आणली, आता गोळ्या.

'नाही सर.'

फिट.

हे बाहेर उभे होते. कागद वाचला अन् माहा हात धरला, उजवा. धरला ते मी पाह्यलं.

५ मार्च
ड्युटीचा तिसरा दिवस. सलाईन, रजिस्टर, बाळाचं वजन, सगळं होते. आत हात घालायची वेळ आली का कुंदाले बोलावते. पहिल्या दिवशी म्हटलं हात थंडा आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं मनगट दुखते. आज तिनं नुसतं पाह्यलं अन् ग्लोव्ह चढवले.

बायकांले मी रोज विचारते, कळ कुठी येते, खरं सांग, लाजू नको. सांगतात बिचाऱ्या. त्यांच्या सांगण्यावर आमचं अर्धं काम चालते.

घरी मोज्याले हात लावला नाही. हे विचारतात, खेळत काहून नाही.

११ मार्च
दुपारचे चार. स्टाफरूम. उजव्या हातानं लिहून राह्यली, अक्षर कसं का येईना.

सकाळी आठले याडीचा फोन, मंदाले कळा. भाऊ तिले जीपनं घेऊन दहाले पोचला. याडी संगं. होळी जवळ आली, तांड्यावर लेंगीची गाणी चालू आहेत, भाऊ तसाच रंगाचा शर्ट घालून आला.

कुंदा दुसऱ्या टेबलावर अडकली होती, तिथं बाळाचं डोकं दिसून राह्यलं होतं. पडद्यापलीकडून म्हणे, 'तुझी भावजय तूच बघ. फिट आहेस ना आता.' टोमणा होता का सहज, समजलं नाही.

ग्लोव्ह घातले. मंदानं माह्याकडं पाह्यलं अन् पाय सैल सोडले. इतर बाया पहिल्यांदा आखडतात, ही आखडली नाही. माह्यावर भरोसा होता म्हणून.

दोन बोटं आत. काही नाही. गरम नाही, ओलं नाही, कडा नाही. हात मनगटाशी संपला होता. मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं, कळा किती वेळानं येतात ते मोजलं, अन् अंदाज केला.

'किती?' कुंदानं तिकडून विचारलं.
'तीन.'

तिनं येता येता केसपेपरवर लिहिलं, तीन बोटं, वेळ, पुढं माहं नाव.

पाऊण तासानं मंदाचा आवाज बदलला. 'ताई, खाली जोर येते. देऊ का जोर?'

एवढंच सांगायचं असते आम्हाले. हो नाहीतर नाही. वाट पूर्ण उघडली नसन अन् जोर देला तर फाटते. उघडली असन अन् थांबवलं तर बाळ अडकते. सोळा वर्षांत हजारदा सांगतलं असन. पुन्हा हात घातला. पुन्हा काही नाही. तेव्हा घाबरली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा काही वाटलं ते हे.

'ताई?'

मी ओरडली नाही. पडदा सरकवला अन् म्हटलं, 'कुंदा, तू बघ. माह्या बोटांले लागत नाही. आधी बी लागलं नव्हतं.'

कुंदानं ग्लोव्ह बदलले, हात घातला. 'दीडच आहे. मंदा, जोर नको देऊ बाई, फुंकर मार, फुंकर.' दीड. मी तीन म्हटलं होतं. मंदानं फुंकर मारता मारता माह्याकडं पाह्यलं. ते पाहणं मले लिहिता येत नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी पोरगी झाली. रडली. मंदा ठीक आहे, दोन टाके. याडी बाहेर भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती, तिले आतलं काही माहीत नाही. मले म्हणे, 'तुह्या हाताले यश आहे.' पाया पडाले वाकली म्हातारी, मी धरली.

आता कुंदा इथून गेली. उभ्यानंच बोलली.
'बोर्डाले माहीत आहे?'
'नाही.'
'ड्युटीवर आल्यापासून कितीजणींले तपासलं असं?'
'ही पहिलीच.'
'मी कसं मानू?'

 खरं होतं, पण आता ते मीच सांगून राह्यली होती.

तिनं मंदाचा केसपेपर टेबलावर ठेवला अन् तिचा पेन बाजूले. तिच्या अक्षरातलं तीन, पुढं माहं नाव. म्हणे, 'मी खोडणार नाही. खोडून खरं लिहायचं तर सही तुझी लागते. सहाले डॉक्टर राउंडले येतात.'

पाच वाजले. मंदाची पोरगी पलीकडं पुन्हा रडून राह्यली. पेन हातात आहे, पाहून खात्री केली.