पाचवी तार

४ मे १९६८, शनिवार

आज रेडिओवर एकदाच वाजवायची पाळी मिळाली. मायक्रोफोन एकच, एस्टिल काका गिटारवरून मान वर करून ज्याच्याकडे बघतील त्याने पुढे सरकायचं, बाकीच्यांनी वाट द्यायची. मी फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, चाल सूर न् सूर बँजोवर वाजवली. रीतीप्रमाणे अंगठ्याने बँजोची पाचवी तार सारखी घुमवत ठेवली नाही. मागून फिडलवाला ओर्बिन कुजबुजला — "नोला काकू, शिवणयंत्र कुणी आणलं गं?" काकू, म्हणजे काकांची बायको, माणसाएवढी बास धरून उभी होती. ती हसली नाही. काका हसले.

९ मे

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची छोटी कळ केली. पाचव्या तारेच्या खुंटीशी बसते. दाबली की तार 'जी' सुरावरून वरच्या 'ए'वर चढते. सोडली की परत. म्हणजे गाणं चालू असतानाच सूर बदलता येईल. पहिली कळ सैल निघाली, तार बेसूर. फेकून दिली. दुसरी नेमकी बसली!

१८ मे, शनिवार

कळ दाखवली. काकांनी हातसुद्धा लावला नाही.

"पाचवी तार म्हणजे चर्चची घंटा, पोरी. गावात लग्न असो की मयत, घंटेचा सूर बदलतो का?"

"बदलतो की," ओर्बिन म्हणाला, "दोर ओढणारा प्यायलेला असला तर!"

काका त्याच्याकडे बघेनात. "डेल्फा, या मंडळीत सूर कुठला धरायचा ते कोण सांगतं?"

"तुम्ही."

"मला कुणी विचारतं?"

"नाही."

"मग झालं तर. ऑगस्टच्या संगीतमेळ्यात ही कळ चालताना दिसली, तर त्याच संध्याकाळी दुसरा बँजोवाला आणीन. पोरं रांगेत उभी आहेत."

उभी आहेत, हे खरं. आणि बाईला बँजोवर घेणारी दुसरी मंडळी या डोंगरात तरी मला माहीत नाही.

१ जून

कळ काढलेली नाही. वापरतही नाही. घरी, दार लावून, सराव.

२० जुलै, शनिवार

बाबांचं गाणं — काकांच्या वडिलांचं — शेवटच्या कडव्यात काकांचा आवाज फाटला. ते लगेच खोकले, म्हणून रेडिओवर खपून गेलं. बाहेर आल्यावर काकूने त्यांना गरम पाण्यात मध घालून दिलं. म्हणजे त्यांचा आवाज जातोय हे तिला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे.

मी बोलायला नको होतं. बोलले. "'सी'ऐवजी 'ए' धरलं, तर तीन घरं खाली येईल. गिटारवर तुमचे हात तर दोन्हीकडे बसलेलेच —"

"माझा बाप खाणीतून वर येऊन, छातीत कोळशाची धूळ घेऊन, हे 'सी'त गायचा. मी रोज कोमट पाणी पिऊन खाली उतरू?"



११ ऑगस्ट, रविवार

मेळा. उकाडा, धूळ, गवतावर माणसंच माणसं. बाबांचं गाणं शेवटी ठेवलेलं. काकांनी सांगितलं, "सी." कुणी विचारलं नाही.

पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात वरचा सूर जेमतेम लागला. मानेच्या शिरा मला बाजूने दिसत होत्या. शेवटचं कडवं सगळ्यात वर जातं. त्याआधी ओर्बिनची पाळी ठरलेली. पण काकांनी माझ्याकडे मान हलवली. का? ओर्बिन दूर होता म्हणून? दम लागला म्हणून? मला अजून ठरवता येत नाही.

मी पुढे सरकले. अर्धी चाल 'सी'त वाजवली. मग कळ दाबली.

तार 'ए'वर चढली, म्हणून गाणं 'सी'वरून खाली 'ए'त येऊ शकलं. मी पायरीपायरीने 'ए'त उतरले आणि तिथेच थांबून वाजवत राहिले. काकांची बोटं 'सी'वरच! दोन फेऱ्या भयंकर वाजलं. लोक माना वळवायला लागले. तेवढ्यात खालून बास आली — 'ए'त. नोला काकू. नवऱ्याकडे बघतही नव्हती. मग ओर्बिन आला. शेवटी काकांचा हातही 'ए'वर सरकला.

ते गायले. इतकं भरून गाताना मी त्यांना ऐकलेलं नाही. लोक उठून उभे राहिले.

मंचामागे त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माझं गाणं माझ्या तोंडातून काढून घेतलंस."

"आवाज फाटला असता, काका."

"फाटू दे की! माझाच होता ना?"

मी बँजो पेटीत ठेवायला वाकले. 

"शनिवारी येऊ नकोस."

काही मुलं कळ बघायला जमली होती. मी तिच्यावर तळहात ठेवला आणि पेटी बंद केली.

१३ ऑगस्ट

कारखाना. मोजमापाचे गेज घासले. ओर्बिन फाटकाशी येऊन गेला. "नवा पोरगा घंटा छान वाजवतो. फक्त घंटाच." हसला, पण थांबला नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

ठरवलं होतं, रेडिओ लावायचा नाही. लावला. बाबांचं गाणं झालं नाही. पहिल्यांदाच. निवेदक म्हणाला, वेळ संपली. वेळ उरली होती. त्याने जाहिरात दोनदा वाचली.

१९ ऑगस्ट

नोला काकूचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम — "हे इथेच बसलेत. विचारतायत, सूर कुठला धरायचा."

मी म्हटलं, "कुठल्या गाण्याचा?"

तिने फोनवर हात ठेवला. काहीतरी बोलणं झालं. मग —

"सगळ्यांचा."