मोटर बंद करून विभूती लावा

बंगळूर, १२ जानेवारी १९७७

तीर्थरूप आप्पांना वीरभद्रचा शरणार्थ.

तार करणार होतो, पण तार म्हटली की अव्वा रडायलाच लागते. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

गिरणीची मोठी मोटर तुम्ही नव्यानं तार गुंडाळून भरलीत, तिच्यासारखीच एक कॉइल करून मला तपासायला दिली होती. काल ती लॅबमध्ये लावली. साध्या विजेवर शांत राहिली. मग मोटरचा वेग कमीजास्त करायला गिरणीत आता बसवलंय तसल्या थायरिस्टरची तुटक वीज दिली. व्होल्ट तेवढेच, तरी वीज दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर काटेच काटे. मला वाटलं, थायरिस्टरचीच खडखड असेल. म्हणून तिथली दुसरी कॉइल लावली, तर काटे गेले. म्हणजे ठिणग्या आपल्या कॉइलच्या आत पडत होत्या की.

कापून बघितली. अव्वानं गुंडाळलेली वरची पट्टी कोरी होती. आत, वार्निश पोचलं नव्हतं तिथं, केसाएवढी काळी रेघ जळत गेलेली. तुम्ही गळती तपासता त्या मेगरवर हे दिसत नाही. तुमचं काम चोखच आहे, वीज बदलली.

दर सोमवारी तुम्ही चालत्या मोटरला विभूती लावून वर हात टेकता. आता आधी मोटर बंद करायला लावा, वीज बाहेर अंगावर यायची. साहेब ओरडू देत.

गुरम्माचं बाळ रांगायला लागलं का?

अव्वानं मागं लिहिलं होतं, सोमवारी पूजा करताना तुमच्या हाताला मुंग्या येतात, अन् तुम्ही वय झालं म्हणता. ते वय नव्हे, आप्पा.

दोघांच्या पायांवर माथा ठेवतो,
वीरभद्र