माधवची घसरगाडी

॥ श्री ॥

धार, ता. ४ सप्टेंबर १९५५

चि. मोरोपंतास जानकीअक्काचे अनेक आशीर्वाद.

माधवचे पत्र आले, सोबत फोटो. आजारी सरदार मानसिंगरावांच्या तैनातीला म्हणून माझा मुलगा स्वित्झर्लंडला गेला. ते बरे होऊन देवासला परतले, आणि हा बर्फात घसरत तिथेच राहिला. ल्यूज म्हणे त्या घसरगाडीचे नाव. उताणे निजायचे, पाय पुढे करायचे आणि डोंगरावरून खाली यायचे! शर्यत जिंकला तेव्हा मीही पेढे वाटले. आता लिहितो, शर्यती सोडल्या, मुलांना शिकवतो. क्षणभर एका जागी न बसणारा मुलगा एकाएकी मास्तर कसा झाला? फोटोत मुले उभी आणि हा खुर्चीवर. शेजारचा शालिग्राम म्हणाला, "भिया तो बडे आराम में है." मला तसे वाटत नाही.

शिवाय पूर्वी पत्रात मला साष्टांग नमस्कार असे. दोन-अडीच वर्षे नुसताच नमस्कार. कोणी मडम घरात आणली असेल तर स्पष्ट सांग. तुला तो वेगळी पत्रे लिहितो, हे मला ठाऊक आहे.

मुलांना पापा. लोभ आहेच, उत्तराला मात्र उशीर नको.

जानकी


॥ श्री ॥

देवास, ता. ११ सप्टेंबर १९५५

ती. सौ. अक्कास मोरूचा शि. सा. न. वि. वि.

मडम नाही. तीन हिवाळ्यांमागे वळणावर घसरगाडी उलटली. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला, काठी घेऊन चालतो. तुला कळवू नये म्हणून त्याने मला शपथ घातली होती. शिकवतो हे खरे आहे, यंदा त्याचे दोन विद्यार्थी घसरगाडीच्या शर्यतींत पहिले आले.

नमस्काराचे मीही विचारले होते. त्याने लिहिले, "मामा, मला गुडघे टेकता येत नाहीत. जो घालता येत नाही, तो नमस्कार आईला कसा लिहू?" असा घरी यायची त्याला लाज वाटते. रागावू नकोस, अक्का. भाऊबीजेला येतो, तेव्हा सविस्तर बोलू.

धाकट्यावर माया असू द्यावी.

मोरू


॥ श्री ॥

धार, ता. १५ सप्टेंबर १९५५

चि. मोरोपंतास,

तुझे पत्र वाचून दिवसभर रडले. ह्यांना अजून सांगितलेले नाही.

माधवने लपवले, तो लेकरू आहे. पण तू दोन भाऊबिजा माझ्यापुढे पाटावर बसलास, ओवाळून घेतलेस, आणि मी विचारले तेव्हा माधव मजेत आहे म्हणालास.

त्याला आजच लिही, निघून ये. मुंबईला बोटीवर तू जा, त्याला धरून उतरव आणि घेऊन ये. यंदा भाऊबीजेला एकटा आलास, तर मी ओवाळणार नाही.

लोभाचे तेव्हा पाहू.

जानकी