कोल्ह्याला बोलवायचं तर पारोशानेच

बाबा, आज पहाटे चौथी कोंबडी गेली. कोल्ह्यानेच नेली, याला शेजारच्या म्हाताऱ्याने दुजोरा दिला. तो आमच्या तळ्याच्या काठावर गुडघे मोडत बसला, चिखलातल्या ठशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सेम फेला, लव्ह." म्हणजे तोच तो; लव्ह इथे कुणालाही म्हणतात. सात होत्या, आता तीन उरल्या. तुमचे जावई पिसं गोळा करून घरात आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "उरलेल्या देऊन टाकू कुणाला तरी." हे वाक्य ऐकल्यापासून मी चिडलेली आहे, आणि खरं सांगायचं तर कोल्ह्यापेक्षा तुमच्यावर जास्त.

आधी कोंबड्यांचं सांगते. हार्टचं दुखणं झाल्यावर यांनी आयटीची नोकरी सोडली आणि सहा महिने त्या सोफ्यावरून उठले नाहीत. इथे ऑस्ट्रेलियात टूवूंबा गावाच्या बाहेर ही जागा घेतली, कोंबड्या आल्या, तेव्हा माणूस पुन्हा पहाटे उठायला लागला. त्या गेल्या तर हे परत सोफ्यावर जाणार, एवढं मला स्वच्छ दिसतं. खुराडं मजबूत आहे, पण सध्याच्या उन्हाळ्यात नऊच्या पुढे कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत सावलीत पडतात. त्यांना चरायला गारव्याची एक पहाटच मिळते, म्हणून हे फटफटताच दार उघडतात. कोल्ह्यालाही ऊन सोसत नाही. तोही तीच वेळ साधतो.

म्हाताऱ्याने उपाय सांगितला: पळत्यामागे धावायचं नाही, बोलवायचं. पत्र्याची छोटी, चपटी, मधे भोक असलेली शिट्टी असते. ती दातांशी धरून श्वास आत ओढला की जखमी सशासारखा केविलवाणा आवाज निघतो. बंदूक त्याची, लायसन्स त्याचं, पण कवळीमुळे शिट्टी त्याला वाजत नाही. "दात तुझे, नेम माझा," म्हणाला. तीस वर्षं मी डेडलाइनवर बातम्या लिहिल्या, अजूनही इथल्या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकाला लिहिते. वाटलं, दहा मिनिटांचं काम. तर कसलं! दोनदा वाजवायची, मग गप्प बसायचं, माश्या डोळ्यांत शिरल्या तरी हात हलवायचा नाही.

पहिल्या दिवशी तो आला, बाबा. वाळक्या गवतातून तांबडा, हडकुळा, कान केवढे तरी मोठे. पण कोल्हा सरळ येत नाही. लांबून वळसा घालतो, आपल्यावरून गेलेला वारा जिथे पोचतो तिथे थांबतो आणि नाक वर करतो. त्याने नाक वर केलं आणि वळून चालता झाला. पळालासुद्धा नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे मान वळवली. "हा वास कसला?"

वास चंदनाच्या साबणाचा आणि खोबरेलाचा होता. मी चार वाजता उठून डोक्यावरून आंघोळ केली होती, केसांना तेल चोपडून वेणी घातली होती. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी पहिली नोकरी, पहाटे शेजाऱ्यांकडे ऑफिसचा फोन आला की मंडईजवळ आग लागलीय, लगेच पोच. मी चपला घालतेय आणि तुम्ही दारात आडवे उभे आहात, हातात बंबातल्या कढत पाण्याची बादली. "पारोशाने उंबरा ओलांडायचा नाही."

"बाबा, आग लागलीय!"

"मग पाणी लागणारच. आधी स्वतःवर घे."

आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती. मी पोचले तेव्हा अग्निशामक दलाच्या गाड्या परत निघाल्या होत्या, आणि दुसऱ्या पेपरचा माणूस सगळं टिपून चहा पीत होता. त्यानंतर मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नाही. पण बिनआंघोळीची घराबाहेर पाऊल टाकू शकले नाही, तेव्हाही नाही आणि इथेही नाही. विमानतळावर नाही, यांना अँब्युलन्समधून नेलं त्या दिवशीही नाही. ती गाडी पुढे गेली आणि मी अंगावर दोन तांबे ओतून मागून ड्राइव्ह करत गेले. यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मीही विषय काढला नाही.

काल दुसरा प्रयत्न केला. म्हाताऱ्याने बजावलं होतं, "नो सोप, नो ऑइल." मी ऐकलं. साबण नाही, तेल नाही, नुसतं पाणी. आणि निघताना सवयीने तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. तळ्याकाठी बसल्यावर म्हातारा दोनदा हुंगून म्हणाला, "तू केसांत देऊळ घेऊन फिरतेस का?" कोल्हा काल आलाच नाही. आज आम्ही विश्रांती घेतली, तर आज आला. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या जावयांना ते आज दिसलं, तोंडात कोंबडी होती.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत, पत्रा तापून कडकड वाजतोय. हे पंख्याखाली झोपलेत, की झोपल्याचं सोंग करतायत, कळत नाही. मी त्यांना सांगितलंय, उद्याचा दिवस थांबा. म्हाताऱ्याच्या मते आजही शिकार मिळाल्याने तो उद्या नक्की फिरेल, आणि पहाटे वारा पूर्वेचा असेल. पावणेपाचला त्याची यूट, ती मागून उघडी गाडी, फाटकाशी येईल. कालचे, घामाचे कपडे मी खुर्चीवर काढून ठेवलेत. आंघोळ नाही, तोंडावर पाणीही नाही, उदबत्ती परत आल्यावर.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. ठेवत नाही. तुम्ही वाचलंत तर उद्या पहाटे बादली घेऊन दारात उभे राहाल. आणि उभे राहिलात, तर तीन कोंबड्या गेल्या तरी चालतील, मी मुकाट्याने आंघोळीला जाईन.