आईच्या दिवसाचं टाइमटेबल

३ जून, सकाळ
ठरलं. वृद्धाश्रमात आई नुसती बसून असते, हे यापुढे चालणार नाही. म्हाताऱ्या माणसांना रोज काहीतरी उद्योग हवा, नाहीतर मन गंजतं, असं वाचलं. मी एकुलता एक मुलगा, दर रविवारी स्वतः जाऊन करून घेणार. चित्रं रंगवणं, बागकाम, हलका व्यायाम. टाइमटेबल लॅमिनेट केलं. बायको म्हणाली, आधी जाऊन तर या. तिला प्लॅनिंगचं महत्त्व कळत नाही.

९ जून
गाडी सर्व्हिसिंगला. रिक्षा होती, पण रंगांची पेटी आणायची राहिली. रिकाम्या हातानं काय जायचं!

१६ जून
दोन शिंका आल्या. म्हाताऱ्यांना इन्फेक्शन देणं म्हणजे पाप. घरीच थांबलो. मॅच बघितली, पण मन लागलं नाही. (शेवटच्या ओव्हर्स सोडून.)

१७ जून
फार अपराधी वाटलं. म्हणून आश्रमाच्या मॅनेजरबाईंना फोन करून झापलं: ॲक्टिव्हिटीज काय आहेत तुमच्याकडे? म्हणाल्या, आई सकाळी टॉवेलांच्या घड्या घालतात, दुपारी शेजारच्या आजींना पेपर वाचून दाखवतात. यात सायंटिफिक काय? तसं बोललोही. जेवण मात्र गेलं नाही.

३० जून
गेलो! आईनं रंगवायच्या पुस्तकातला हत्ती पाहिला, मग मला पाहून म्हणाली, किती वाळलास. (वजन वाढलंय.) शेजारच्या आजींनी माझा हात धरला. मुलगा असावा तर असा, म्हणाल्या. रोज संध्याकाळी आईला फोन, तोही तासभर! त्या वेळेसाठी ती सगळी कामं उरकून, केस विंचरून बसते म्हणे.
मी आईकडे पाहिलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, घातलेल्याच पुन्हा. मान वर करेना.
मी आजींना म्हटलं, कर्तव्यच आहे.
आजींची गल्लत होत असणार. वय झालं. गाडीत एसी लावूनही घाम आला.

१ जुलै, संध्याकाळ
आजपासून रोज फोन. अगदी खरोखर.
आईचा मोबाइल बंद. पुन्हा लावला, बंदच. घाबरून आश्रमाच्या ऑफिसला फोन केला. नवीन बाई होत्या. आईला बोलवा म्हटलं. खोलीपर्यंत जाऊन आल्या. म्हणाल्या, आजी मोबाइलवर मुलाशी बोलतायत, छान हसतायत, मध्येच कसं उठवायचं? निरोप देते. आपण कोण?
मी फोन ठेवला.