सोमवारपासून पुन्हा लूमवर

अण्णा, सोमवारपासून मी पुन्हा लूमवर जाणार. हे आधी सांगून टाकते, सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नाहीयेत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तुम्ही वाढवलेला मुलगा आता बाई म्हणून जगतो, तेही ऐकून घ्या.

तुम्ही मला तुटलेला धागा जोडायला शिकवलं तो दिवस लख्ख आठवतो. अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये लूम धडधडताहेत, आणि तुम्ही माझी गाठ ओढून बघताय. गाठ सुटते. "ही काय गाठ हाय? बायकांवानी नाजूक मारतोयास. परत मार." तुम्ही रागावला होतात आणि मी मनातून किती सुखावले होते, काय सांगू.

नव्या नावाचं ओळखपत्र घेऊन, पंजाबी ड्रेस घालून कामावर गेले तेव्हा मालक म्हणाले, "बाई झालीस न्हवं? आपल्यात बाया लूमवर नसत्यात. शिलाईत जा." शिलाईतल्या बाया म्हणाल्या, "आमच्यात नको की." बारा वर्षं सहा लूम चालवलेली मी टॉवेलच्या गठ्ठ्यांवर नुसती बसून. मला बाई मानलं तेही काम काढून घेण्यापुरतं, याचा लई संताप झाला.

मग कळलं, कायदा आहे. तृतीयपंथी म्हणून कामावर भेदभाव करता येत नाही, आणि अशा तक्रारींसाठी प्रत्येक ठिकाणी एक अधिकारी नेमावाच लागतो. आमच्याकडं कुणी नव्हतंच. मी अर्ज दिल्यावर घाईघाईनं हजेरी घेणाऱ्या बाईंना नेमलं, गरीब गाय म्हणून. त्यांनी चष्मा लावून कायदा तीनदा वाचला आणि माझ्यादेखत मालकांना म्हणाल्या, "साहेब, हिला लूमवरून काढलं ते चुकलं. हितं स्पष्ट लिवलंय. रिपोर्टात काय लिहू, तुमीच सांगा." मालकांनी कागद पुढं ओढून एकदा स्वतः वाचला. मग म्हणाले, "द्या की लेटर करून."

ते लेटर समोर आहे. दहादा वाचलं. जुन्याच सहा लूम, जुनीच पाळी.

हे पत्र कपाटातच राहील, म्हणून एक कबूल करते. लेटरवर माझं नवं नाव आहे आणि त्यापुढं वडिलांचं म्हणून तुमचं. ओळखपत्राच्या फॉर्मात मीच ते लिहिलं होतं. तुम्ही असता तर लावू दिलं असतं का, ठाऊक नाही. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, याचं तेव्हा मला जरा बरंच वाटलं होतं.